जुन्या सायकलच्या चिमट्यात हँडल जाम झालंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत घरामागच्या पडवीत मी जुन्या सायकली दुरुस्त करतो. हौस म्हणून, धंदा म्हणून नाही. पाऊस ओसरला की लोक माळ्यावरची, गोठ्यातली आजोबांची सायकल खाली काढतात आणि मला फोटो यायला लागतात. गंजलेलं हँडल आणि त्याखाली दोनच शब्द, "निघत नाही." दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. वाचायच्या आधी एक हिशेब डोक्यात ठेवा. स्टेम (हँडलचा दांडा) बाजारात मिळतो, पण त्या सायकलीचा मूळ चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, पुन्हा मिळत नाही. दोघांतलं एक जाणारच असेल तर स्टेम जाऊ द्या.

१. चिमट्यात नेमकं काय अडकतं?

बहुतेक वेळा स्टेम, म्हणजे हँडलचा जो दांडा चिमट्याच्या नळीत उतरतो तो. ही नळी बाहेरून एक इंच जाड, म्हणजे २५.४ मिमी. तिच्यात उतरणारा दांडा इंग्लिश मापाच्या सायकलींत २२.२ मिमी. नळीच्या भिंतीची जाडी वजा केली की दोघांच्या मधे उरते जेमतेम कागदाएवढी फट. त्या फटीत पाणी शिरलं की गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. फट भरते, दांडा आवळला जातो. तीस वर्षं कुणी हँडल वर-खाली केलं नसेल तर दुसरं काय होणार?

याशिवाय चिमट्याच्या नळीवर सगळ्यात वर बसणारा लॉकनट (प्रश्न ११) आणि चिमट्याच्या मुंडीवर, म्हणजे दोन पाय वर जिथे जुळतात तिथे, ठोकून बसवलेली खालची रेस, म्हणजे छर्रे जिच्यावर फिरतात ती कडी (प्रश्न १२), या दोन गोष्टीही अडकतात.

२. वरचा बोल्ट पूर्ण ढिला केला तरी हँडल हलत नाही. गंजलंय का?

कदाचित नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि यातल्या बऱ्याच सायकली मुळात जाम नसतात. बोल्टच्या खालच्या टोकाला दांड्याच्या आत एक कोन किंवा पाचर असते. बोल्ट आवळला की ती वर ओढली जाते आणि दांडा नळीला घट्ट धरतो. बोल्ट सैल केला म्हणून ती आपोआप खाली येत नाही, तिला खाली ठोकावं लागतं.

बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, म्हणजे त्याचं डोकं साधारण चार मिलीमीटर वर येईल. डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि हातोडीचा एक सरळ, नेमका ठोका द्या. दहा हळू ठोक्यांपेक्षा एक नेमका बरा. कान द्या. कोन घट्ट असेपर्यंत "ठण्ण" असा आवाज येतो. सुटला की "थप्" येतो आणि बोल्टचं डोकं खाली बसतं. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे हलकं फिरवा. सुंठीवाचून खोकला गेला तर उत्तमच.

तीन गोष्टी सांभाळा. बोल्ट पूर्ण काढून मग ठोकू नका, कोन आत मोकळा पडेल आणि नवीन दुखणं सुरू होईल. सळीचे ब्रेक असतील तर पुढच्या ब्रेकची सळी आधी सोडवा, नाहीतर हँडल वर येताना ती वाकेल. आणि जुन्या इंग्लिश बोल्टला १३ चा पान्हा ढिला बसत असेल तर तिथेच थांबा. अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिमीचा पान्हा शोधा. डोकं एकदा गोल झालं की प्रश्न ९ वाचायची वेळ येते.

३. आत कोन आहे की पाचर, हे बाहेरून कळतं का?

खात्रीनं कळत नाही. ढोबळमानानं, जुन्या काळ्या रोडस्टरमध्ये (रोजच्या वापराच्या भक्कम सायकलीत) दांड्याच्या खालच्या टोकाला चिरा असतात आणि आत कोन असतो. नंतरच्या सायकलींत दांडा तिरका कापलेला आणि त्याला लागून तिरकी पाचर. सोडवायची रीत दोन्हींची एकच. फरक पडतो तो प्रश्न १४ मध्ये.

४. तेल कोणतं घालू? रॉकेल, डिझेल की डब्ल्यूडी-४०?

कोणतं घालता यापेक्षा कुठून घालता आणि किती दिवस घालता, हे महत्त्वाचं. डब्ल्यूडी-४० चालतं, गंज सोडवायचा खास स्प्रे त्याहून बरा. मी स्वतः गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतो. हे मिश्रण बाटलीत वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवून घ्या, आणि रंगाला लागू देऊ नका, अ‍ॅसिटोन रंग खातं. डिझेल हळू चालतं, पण चालतं. खोबरेल तेल नको. हे लिहावं लागतंय, कारण लोक खरंच घालतात.

आता कुठून. लॉकनटच्या वर, दांड्याच्या भोवती थेंब सोडणं सगळे करतात. पण खरा गंज खालच्या टोकाला असतो, कारण चाकानं उडवलेलं पाणी तिथून वर जातं. म्हणून पुढचं चाक आणि मडगार्ड काढा, सायकल उलटी करा आणि चिमट्याच्या मुंडीखालच्या तोंडातून तेल ओता. बहुतेक जुन्या सायकलींत ही नळी खालून उघडीच असते. रात्रभर उलटी ठेवा. सकाळी सुलटी करून वरून घाला, बोल्टवर चार हलके ठोके द्या म्हणजे तेल फटीत उतरेल. असे चार दिवस. पाचव्या दिवशी हलली नाही तर आणखी चार. माझ्याकडची एक सायकल सतराव्या दिवशी सुटली आणि मी तिला काही वेगळं केलं नव्हतं.

५. सायकल पुरात बुडाली होती. तिचं काही वेगळं करावं लागतं का?

हो, आणि हा प्रश्न आमच्याच भागातून येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात, पेठांत तळमजल्यावरच्या सायकली कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. पाणी उतरलं, लोकांनी सायकली वरून धुतल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. नळीच्या आत गेलेला गाळ मात्र तिथेच राहिला.

चिमट्याची नळी खालून उघडी, त्यामुळे पाणी वर चढतं आणि उतरताना गाळ मागे ठेवून जातं. तो गाळ वाळून विटेसारखा होतो आणि पुढचे कित्येक महिने आतली ओल धरून ठेवतो. अशा एका सायकलीचा दांडा मी काढला, तेव्हा त्याच्या पोकळीतून करड्या मातीची सरळ कांडी बाहेर आली. त्यात अडकलेला एक बारीक शंखही होता. तो अजून माझ्या खिळ्यांच्या डब्यात आहे.

म्हणून पुरातल्या सायकलीला आधी तेल नको. सायकल उलटी करून जुन्या स्पोकनं मुंडीतला गाळ उकरा, पाण्याची बारीक धार मारा, पुन्हा उकरा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग दोन दिवस उन्हात वाळवा. त्यानंतर प्रश्न ४. मातीवर ओतलेलं तेल माती पिते, गंजापर्यंत पोचतच नाही.

६. दोघं-तिघं मिळून हँडल जोर लावून फिरवलं तर?

तर चिमटा पिळवटेल. चाक एकानं धरलं आणि हँडल दुसऱ्यानं फिरवलं की सगळा जोर चिमट्याच्या दोन लांब पायांतून जातो, आणि जाम नळीपेक्षा ते पाय आधी हार मानतात. माझ्या वडिलांच्या सायकलीवर मी हेच केलं. मित्र हँडलवर लोंबकळला, "कट्" असं झालं, आम्ही टाळ्या वाजवल्या. स्टेम होता तिथेच होता. डावा पाय मागे गेला होता आणि चाक मडगार्डला घासत होतं. हात दाखवून अवलक्षण.

जोर लावायचाच असेल तर चिमट्याला मुंडीपाशी धरा, टोकांना नाही. चाक काढा, दोन पायांच्या मधे, अगदी वर मुंडीला टेकून, जाड लाकडी फळी घाला आणि एकानं ती धरावी. पायांवर कापड गुंडाळा. दुसऱ्यानं हँडल फिरवावं, एकाच दिशेनं रेटत नाही, तर पुढे-मागे, थोडं-थोडं. पहिली हालचाल केसाएवढी असते आणि बारीक चरचर ऐकू येते. ती आली की थांबा, तेल घाला, चहा घ्या. मग पुन्हा.

७. गॅसच्या शेगडीनं किंवा टॉर्चनं गरम करू का?

आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर स्टेम पोलादी, नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियम. दोन्हींचा हिशेब वेगळा.

पोलादी असेल तर लोक टॉर्च घेऊन फ्रेमच्या पुढच्या नळीला तापवतात. त्यानं रंग जळतो, पुढचा पितळी बिल्ला काळा पडतो आणि उपयोग काही होत नाही. चिमट्याची नळी त्या नळीच्या आत सुटी फिरते, मधे हवा आहे, उष्णता पोचतच नाही. तापवायचंच असेल तर लॉकनटच्या वरचा स्टेमचा भाग तापवा. उष्णता दांड्यातून खाली उतरते, दांडा फुगतो, गंजाचा थर तडकतो. पुरता गार होऊ द्या आणि मग तेल घाला, तडकलेल्या थरातून ते खाली उतरतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडाला की तेवढी उष्णता पुरे, लाल करायची नाही. क्रोम निळसर पडेल, त्याची तयारी ठेवा.

आधी स्प्रे मारला असेल तर तो पूर्ण पुसल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ नका. प्रश्न ४ मधलं अ‍ॅसिटोनचं मिश्रण वापरलं असेल तर ज्योत अजिबातच नको. आत ग्रीस आहे, तेही पेटतं.

८. स्टेम अ‍ॅल्युमिनियमचा आहे. वेगळं काय?

रेसिंगच्या ढंगाच्या जुन्या सायकलींत हे सापडतं. इथे नुसता गंज नसतो. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड फटीत गच्च बसते. तेल तिच्यातून सहज जात नाही.

उष्णतेनं अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. आत अ‍ॅल्युमिनियम, बाहेर पोलाद, म्हणजे तापवलं की ते आणखी आवळणार. उलट गार करा. कोरडा बर्फ मिळाला तर दांड्याच्या पोकळीत भरा, जाड हातमोजे घालून, आणि दांडा आकसलेला असतानाच फिरवा.

शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. अ‍ॅल्युमिनियम तो विरघळवून टाकतो, पोलादाला हात लावत नाही. पण त्यासाठी स्टेम वरून कापून, चिमटा सायकलीतून बाहेर काढून (प्रश्न १०), नळीचं खालचं तोंड रबरी बुचानं बंद करून द्रावण वरून ओतावं लागतं. उघड्यावर करा. यातून हायड्रोजन निघतो, आसपास विडीसुद्धा नको. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. चिमट्यावर मूळ रंग आणि सोनेरी रेघा असतील तर हा उपाय विसरा, जिथे ओघळ जाईल तिथे रंग निघेल. घरात लहान मुलं असतील तर मी हे काम हातात घेत नाही.

९. बोल्ट आवळताना तुटला. अर्धा आत आहे. आता?

वाटतं तेवढं वाईट नाही. कोन अजून वर ओढलेला आहे, त्याला खाली ढकलायचं एवढंच काम. बोल्टच्याच जाडीची, साधारण ८ मिमीची गोल सळी दांड्याच्या भोकातून आत सोडा, ती तुटलेल्या बोल्टवर टेकेल. सळीवर ठोका द्या. बोल्ट आणि कोन दोघं मिळून खाली जातील आणि दांडा मोकळा होईल. मग दांडा वर काढा, सायकल उलटी करून हलवा, कोन वरच्या तोंडातून पडेल.

सळी न घेता थेट ड्रिल लावू नका. तुटलेल्या तिरक्या टोकावरून ड्रिल सरकतं आणि दांड्याची भिंत खातं.

१०. महिना झाला, सगळं करून पाहिलं. कापायचं असेल तर कसं कापू?

आधी बघा, हँडल आणि स्टेम वेगळे होतात का. जुन्या सळी-ब्रेकच्या रोडस्टरला हँडल स्टेमला पितळानं जोडलेलं, एकसंध असतं. तिथे कापणं म्हणजे हँडलवर पाणी सोडणं. अशा सायकलीला मी आणखी एक पावसाळा थांबायला सांगतो, आणि ही थट्टा नाही.

ठरलंच असेल तर लॉकनटपासून तीन-चार सेंटीमीटर वर हॅक्सॉनं कापा. खुंट शिल्लक राहिला पाहिजे. आता लॉकनट आणि वरची वाटी खुंटावरून काढता येते आणि चिमटा खाली उतरतो. छर्रे मोजून डब्यात ठेवा. खुंट व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) घट्ट धरा, चिमट्याच्या पायांत प्रश्न ६ मधली फळी घाला आणि आख्खा चिमटाच फिरवा. आता लांबलचक दांडी हातात आहे, बऱ्याचदा इथेच सुटतो.

नाहीच सुटला तर आतून कापायचा. आधी सळीनं कोन आणि बोल्ट खाली पाडा, म्हणजे दांडा पोकळ होईल. नुसतं हॅक्सॉचं पातं, एका टोकाला चिंधी बांधून, आत घाला आणि दांड्याची भिंत उभी कापत जा. कुठे थांबायचं हे हाताला कळतं. गंजाचा थर लागला की पात्याचा सूर बदलतो आणि बाहेर पडणारा चुरा चकचकीत न राहता तपकिरी होतो. तपकिरी दिसला की थांबा, पुढची भिंत चिमट्याची आहे आणि ती जेमतेम दीड मिमी जाड आहे. दोन-तीन सेंटीमीटर अंतरानं दुसरी चीर द्या, मधली पट्टी छिन्नीनं आत वाकवा. पट्टी सुटली की बाकीचा दांडा सैल पडतो. एक संध्याकाळ जाते, हाताला फोड येतात.

११. लॉकनटच फिरत नाही. पाइप पाना लावू?

नको, नटाच्या कडा आणि क्रोम दोन्ही जातील. आधी हँडलचा बोल्ट सैल करून कोन खाली ठोका (प्रश्न २). हे पुष्कळ जण करत नाहीत. कोन आट्यांच्या उंचीवर आवळलेला असेल तर नळी आतून फुगलेली असते आणि नट त्यामुळेच धरलेला असतो. कोन उतरला की नट कित्येकदा हातानं फिरतो. आटे नेहमीचे सुलटेच असतात. तरी नाही हलला तर तेल, आणि नटाच्या सपाट बाजूंवर फिरत-फिरत हलके ठोके.

१२. चिमट्याच्या मुंडीवरची खालची रेस कशी काढायची?

बोथट छिन्नी रेसच्या खालच्या कडेला लावा, एक ठोका डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे. एकाच बाजूनं ठोकलं तर ती तिरकी होऊन आणखी घट्ट बसते. रेस गुळगुळीत असेल, छर्र्यांचे खड्डे नसतील, तर काढूच नका. पुसा, ग्रीस लावा, पुढे चला.

१३. रॅलेला नवीन लॉकनट आणला. दोन फेरे गेला आणि जाम झाला. गंज आहे का?

गंज नाही, माप वेगळं आहे. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्यानं आपल्या चिमट्यांना इंचाला २६ आटे दिले होते, बाकीच्या इंग्लिश मापाच्या सायकलींना २४. व्यास तोच, त्यामुळे नट सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो. पान्ह्यानं रेटलात तर मूळ आटे गेले. हातानं उलटा काढा आणि जुना नटच साफ करून लावा. रॅलेचे जुने नट-वाट्या म्हणूनच मी भंगारात टाकू देत नाही.

१४. स्टेम अर्धा वर आला आणि तिथेच अडकला. मधेच कसा?

तीन कारणं असू शकतात. वरच्या भागात गंजाची कडा राहिली असेल, तर परत खाली घाला, तेल, फिरवा, पुन्हा वर, असं करत आणा. पाचर तिरकी होऊन दांड्याच्या बाजूला अडकली असेल, तर बोल्ट थोडा आवळून तिला सरळ करा आणि मग ठोका. तिसरं कारण वाईट आहे. कुणीतरी कधीतरी बोल्ट अति आवळला आणि चिमट्याची नळीच फुगली. बोटानं बाहेरून फुगवटा लागतो, कधी आट्यांखाली बारीक चीरही दिसते.

चीर दिसली तर तो चिमटा चालवायचा नाही. "वरून वेल्डिंग मारून घेऊ का?" असं लगेच विचारलं जातं. नाही. पातळ नळी वेल्डिंगशेजारी ठिसूळ होते आणि उतारावर तुटते. भिंतीवर टांगा, दुसरा चिमटा शोधा.

१५. हँडल एका बाजूला वळून अडकलंय, सरळच होत नाही. हाही स्टेमचाच प्रकार?

सायकल रॅले सुपर्ब असेल तर मुंडीवर किल्लीचं भोक आहे का पाहा. तिला चिमट्यातच कुलूप असायचं. हँडल वळवून किल्ली फिरवली की खिट्टी अडकते. किल्ली हरवलेली असते आणि नातवाला ते ठाऊकच नसतं. भोकात तेल सोडा, कुलूपवाल्याला बोलवा, हातोडी खाली ठेवा.

१६. सांगली-मिरजेत हे कुणाकडे न्यायचं? सायकलवाले नाही म्हणतात.

नाही म्हणणारच, त्यांचा दिवस पंक्चरात जातो. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतला लेथवाला गाठा. मोठा व्हाइस, सरळ ड्रिल आणि धीर या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे असतात. जाताना चिमटा सुटा करून न्या आणि स्पष्ट सांगा, "स्टेम गेला तरी चालेल, नळीला ओरखडा नको." हे नाही सांगितलं तर तो त्याच्या सवयीनं सगळंच मोकळं करून देईल.

लेथवाल्याला सायकल घेऊन जायला लाज वाटते असं एकानं लिहिलं होतं. अहो, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं, त्यांच्या कारखानदारीची सुरुवात तिथून. आपल्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी १९१० ची. लेथ आणि सायकल यांचं नातं इथे जुनं आहे.

१७. सुटला एकदाचा! परत बसवताना काय करू म्हणजे पुन्हा जाम होणार नाही?

नळी आतून साफ करा. काठीला पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा, चिंधीनं पुसा. दांड्याला खालपासून वरपर्यंत ग्रीस लावा, बोल्टच्या आट्यांना आणि कोनलाही. अ‍ॅल्युमिनियमचा स्टेम असेल तर दुप्पट. दांडा त्याच्या जाडीच्या अडीच पट, म्हणजे कमीत कमी ५६ मिमी आत गेला पाहिजे. जुन्या स्टेमवर तशी खूण नसते, तुम्ही मोजून सुईनं बारीक ओरखडा काढा. कोन आट्यांच्या खाली बसेल एवढा दांडा उतरवा. बोल्ट इतकाच आवळा की चाक गुडघ्यांत धरून हँडल जोरानं पिळलं तर ते थोडं सरकावं. पडल्यावर सरकणारं हँडल वाकत नाही.

मुंडीचं खालचं तोंड जुन्या ट्यूबच्या तुकड्यानं झाका, मडगार्डच्या बोल्टखाली तो आपोआप धरला जातो. आणि दर दिवाळीला घराची साफसफाई काढाल तेव्हा हँडल एकदा बोटभर वर काढून परत खाली सोडा.